मार्नपासून प्योकिंगपर्यंत : जर्मन लष्कराच्या सिग्नल पलटणींचा इतिहास

तारमास्तर

लष्करी इतिहासाच्या धाग्यांवर रणगाडे, विमानं, सेनापती यांच्यावर भरभरून बोललं जातं. सेनापतीचा शब्द रणगाड्यापर्यंत पोचवणाऱ्या सिग्नल पलटणींवर मराठीत फारसं काही वाचायला मिळत नाही. गेली काही वर्षं मी जर्मन सिग्नल शाखेचं जमेल तेवढं वाचतो आहे. त्यातलं जे मनात रुतून बसलं ते इथे मांडतो. जाणकारांनी भर घालावी.

सुरुवात १८९९ची. त्या वर्षी १ ऑक्टोबरला बर्लिन, फ्रांकफुर्ट आन डेर ओडर आणि कोब्लेन्झ इथे तीन तार-बटालियन उभ्या राहिल्या. तोवर तारेचं काम इंजिनिअर पलटणींकडे असे, आता त्याची वेगळी शाखा झाली. पण सेनापतींच्या डोक्यात ती शाखा दुय्यमच राहिली, आणि त्याची किंमत सप्टेंबर १९१४मध्ये मोजावी लागली.

जर्मन फौजा पॅरिसजवळ पोचल्या होत्या. सरसेनापती मोल्टके मात्र मागे लक्झेंबर्गमध्ये. उजव्या टोकाला क्लुकची पहिली आर्मी, तिच्या शेजारी ब्यूलोची दुसरी आर्मी, आणि दोघींच्या मध्ये फट पडत चाललेली. फौजा पुढे गेल्या तशा तारा मागे राहिल्या. बिनतारी संदेश तासन्‌तास अडकून पडत, कधी अर्धवट पोचत. वर फ्रेंच लोक आयफेल टॉवरवरच्या केंद्रातून ते ऐकत होते. शेवटी ८ सप्टेंबरला मोल्टकेने लेफ्टनंट कर्नल हेंच या अधिकाऱ्याला मोटारीत बसवून आघाडीवर धाडलं. हातात लेखी हुकूम नाही. तो एकेका आर्मीच्या मुख्यालयात थांबत रात्री ब्यूलोकडे पोचला. ९ तारखेला सकाळी निघाला तो पळापळीने तुंबलेल्या रस्त्यांवरून दुपारच्या सुमारास क्लुकच्या मुख्यालयात. तिथेही क्लुकची भेट नाहीच, बोलणं झालं चीफ ऑफ स्टाफ कूलशी. त्या बोलण्यातून माघार ठरली आणि मार्नची लढाई निकालात निघाली. लाखो माणसांच्या फौजेचं नशीब एका मोटारीच्या वेगावर अवलंबून होतं.

गंमत म्हणजे त्याच्या दोनच आठवडे आधी पूर्वेला उलटं घडलं होतं. तिथे रशियन सेनापती साधे, सांकेतिक लिपीत न गुंतवलेले बिनतारी संदेश पाठवत होते आणि जर्मन किल्ल्यांमधली केंद्रं ते टिपत होती. टॅनेनबर्गला सॅम्सोनोव्हची आर्मी वेढली गेली त्यात या कान देऊन ऐकण्याचा वाटा मोठा होता.

म्हणजे एकाच महिन्यात दोन्ही धडे समोर आले : शब्द वेळेवर पोचला नाही तर हात-पाय लुळे, आणि उघड्या हवेत बोललं तर शत्रू ऐकतो. माझं म्हणणं असं, की पुढची शंभर वर्षं जर्मन सिग्नल शाखेने पहिला धडा कुणापेक्षाही चांगला गिरवला आणि दुसऱ्याकडे पुन्हा पुन्हा दुर्लक्ष केलं.

व्हर्सायच्या तहानंतर फौज एक लाखावर आली. रणगाडे बंद, विमानं बंद. सात पायदळ डिव्हिजन ठेवायला परवानगी होती आणि प्रत्येक डिव्हिजनला एक सिग्नल बटालियन. या लहानशा फौजेत दोन माणसं पुढे आली. एक हाइन्झ गुडेरिअन. १९१४मध्ये तो एका घोडदळ डिव्हिजनच्या बिनतारी केंद्राचा प्रमुख होता. मार्नच्या दिवसांत हुकूम कसे हरवतात हे त्याने स्वतः पाहिलं. पुढे रणगाडा डिव्हिजन उभ्या करताना त्याने हट्ट धरला की प्रत्येक रणगाड्यात निदान ऐकण्याचं यंत्र हवंच, आणि कमांडरच्या रणगाड्यात बोलण्याचंही. दुसरा एरिश फेलगीबेल, जन्म १८८६, मुरलेला सिग्नल अधिकारी. १९३४मध्ये तो सिग्नल शाखेचा इन्स्पेक्टर झाला आणि १९३९पासून सगळ्या सैन्यदलांच्या संदेशवहनाचा प्रमुख. संदेश सांकेतिक लिपीत गुंतवणारं एनिग्मा यंत्र लष्करात रुजवण्यात त्याचा हात होता.

मे १९४०मध्ये फ्रान्सवर चढाई झाली तेव्हाचा गुडेरिअनचा एक फोटो प्रसिद्ध आहे. पुढे चाकं, मागे पट्टे अशी चिलखती गाडी, पुढे एनिग्मावर वाकलेले सैनिक, वर रेडिओचे डबे आणि मागे उभा जनरल. त्याच सुमारास फ्रेंच सरसेनापती गामलँ पॅरिसजवळ व्हँसेनच्या किल्ल्यात बसलेला आणि त्याच्या मुख्यालयात रेडिओच नव्हता. फ्रेंचांचे कित्येक रणगाडे चिलखत आणि तोफेत सरस होते, पण अनेकांत रेडिओ नसल्याने एकमेकांशी बोलायची सोय नव्हती. मोठ्या जर्मन रणगाड्यात पाचांपैकी एक माणूस रेडिओचा असे. गळ्याला घट्ट बांधायचा मायक्रोफोन कंठाची थरथर टिपायचा, त्यामुळे इंजिनाच्या गोंगाटातही बोलणं कळायचं.

मागे बर्लिनच्या दक्षिणेला त्सोसेन-व्युन्सडोर्फच्या जंगलात १९३७ ते १९३९ दरम्यान 'झेपेलिन' नावाचं भूमिगत केंद्र बांधलं गेलं. 'आम्ट ५००' या नावाने ते ओळखलं जाई. टेलिफोन आणि टेलिप्रिंटरच्या लाइनी तिथे एकत्र येत आणि तिथून सगळ्या आघाड्यांना जात.

हिटलरला मारण्याच्या २० जुलै १९४४च्या कटात फेलगीबेल होता. त्याबद्दल कुणी विचारलं तर सविस्तर लिहीन, कारण तो भाग घाईत उरकण्यासारखा नाही.

---

काळाकातळ

फार सुंदर धागा. मार्नचं एवढं नीट कुठे वाचलं नव्हतं. २० जुलैचं लिहाच, वाट बघतोय.

एक प्रश्न : सिग्नल बटालियन प्रत्यक्षात काय करते? रेडिओवर बोलणं एवढंच का?

---

महूकर

काळाकातळ, हे मी सांगतो. मी भारतीय लष्कराच्या सिग्नल कोरमधून निवृत्त झालो. जबलपूरला घडलो, नंतर महूच्या कॉलेजात शिकलो. आमची कोर १९११ची. देश वेगळा असला तरी कामाची जात एकच.

रेडिओ हा दिसणारा भाग. खरी मेहनत लाइनची. मुख्यालय एका जागी बसलं की तिथून खालच्या प्रत्येक मुख्यालयाला तार ओढायची. एकाच्या पाठीवर केबलचा ड्रम, तो चालतो तशी तार सुटत जाते. मागचा लांब काठीच्या आकड्याने ती उचलून झाडाच्या फांदीवर चढवतो, म्हणजे गाड्यांच्या चाकाखाली येऊ नये. रस्ता ओलांडायचा तर एक तर उंच न्यायची नाही तर गाडायची. ठरावीक अंतरावर खुणेची चिठ्ठी बांधायची, नाही तर दहा पलटणींच्या तारांच्या गुंत्यात आपली कुठली ते अंधारात कळत नाही. तोफखाना सुरू झाला की तार तुटते. मग लाइनमन रात्री हातात तार धरून चालत जातो, तुटलं तिथे जोड मारतो, दोन्हीकडे बोलून बघतो आणि पुढे सरकतो. गोळीबारात सगळे खाली दबलेले असताना हा उभा राहून चालतो. सिग्नलमध्ये शौर्यपदकं मिळतात ती बहुधा अशाच कामाला.

जर्मनांकडे याच कामासाठी 'फेल्डफेर्नश्प्रेखर ३३' नावाचा बॅकेलाइटच्या पेटीतला टेलिफोन होता. हँडल फिरवलं की पलीकडे घंटा वाजते. इतकं साधं आणि दणकट यंत्र की कुठलाही सिग्नलवाला बघताक्षणी वापरू शकेल.

तारमास्तर, तुमचा दुसरा धडा मला पटला. आमच्या कोरचं ब्रीद 'तीव्र चौकस'. जर्मनांचं तीव्र पक्कं होतं, चौकस तेवढं नव्हतं.

---

गणितवेडा

'दुर्लक्ष केलं' हे मला सरसकट मान्य नाही. जर्मन लष्कराने १९२८मध्ये एनिग्मा घेतली आणि १९३०मध्ये तिला पुढच्या बाजूला प्लगबोर्ड जोडला. त्या काळात दुसऱ्या कुठल्या लष्कराने सुरक्षिततेवर एवढा खर्च केला? आणि लष्कराचे ऑपरेटर हवाईदलापेक्षा शिस्तीचे होते. ब्लेचली पार्क या ब्रिटिश कूटभेद केंद्राने हवाईदलाची मुख्य चावी (यंत्राची ठरलेली मांडणी) मे १९४०पासून जवळजवळ सतत वाचली, लष्कराच्या चाव्या त्यांना बराच काळ जड गेल्या.

फुटलं ते माणसांमुळे. हान्स-थिलो श्मिट हा कूटलेखन खात्यातला कारकून पैशासाठी १९३१पासून फ्रेंचांना कागद विकत होता. त्याचा सख्खा भाऊ रुडोल्फ त्याच खात्याचा आधीचा प्रमुख, पुढे रणगाड्यांच्या कोरचा जनरल. त्या कागदांच्या आधारे पोलंडच्या मारियान रेयेव्स्कीने डिसेंबर १९३२मध्ये यंत्राच्या आतली तारजोडणी निव्वळ गणिताने काढली. यंत्र न बघता! आणि जुलै १९३९मध्ये, युद्धाला महिना उरला असताना, वॉर्साजवळच्या प्यिरी इथे पोलिश लोकांनी ते सगळं ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या हाती दिलं.

दुसरं उदाहरण मला याहून महत्त्वाचं वाटतं. वरिष्ठ मुख्यालयांसाठी एनिग्माऐवजी टेलिप्रिंटरला जोडलेलं लोरेन्झ यंत्र असे. बारा चाकांचं. ३० ऑगस्ट १९४१ला अथेन्सहून व्हिएन्नाला सुमारे ४,००० अक्षरांचा संदेश गेला. पलीकडून उघड निरोप आला : नीट मिळाला नाही, परत पाठव. पाठवणाऱ्याने चाकं पुन्हा त्याच जागी आणली (जे सक्त मनाई होतं) आणि सगळा संदेश हाताने परत टाइप करायला घेतला. दुसऱ्यांदा कंटाळून त्याने काही शब्द लघुरूपात लिहिले. झालं! एकाच चावीत दोन जवळजवळ सारखे पण थोडे सरकलेले मजकूर शत्रूच्या हाती. जॉन टिल्टमनने दोन्ही सोडवून चावीची लांबलचक ओळ वेगळी काढली आणि बिल टट या तरुण गणितीने त्या ओळीवरून काही महिन्यांत यंत्राची रचना मांडली. तेही यंत्र डोळ्यांनी न बघता.

यात शाखेचा दोष किती आणि एका थकलेल्या माणसाचा किती?

---

महूकर

गणितवेडा, माणूस थकतोच. तो थकणार हे धरून पद्धत बसवायची असते. चाकं परत त्याच जागी न्यायला बंदी होती, पण तशी नेली तर कळणार कुणाला? दोन्ही टोकांच्या ऑपरेटरांनी आपसात ठरवलं आणि वरच्याला पत्ता नाही. आमच्याकडे जाळ्यावर नुसती ऐकणारी एक तुकडी असे. शत्रूला ऐकायला नाही, आपल्याच माणसांना ऐकायला. कुणी नाव घेतलं, कुणी नेमक्या जागेचा उल्लेख केला की दुसऱ्या दिवशी बोलावणं. ते सगळ्यांना जाचक वाटायचं आणि त्यानेच जीव वाचायचे.

---

तारमास्तर

गणितवेडा, मुद्दा रास्त आहे. माझा रोख यंत्रापेक्षा खात्रीवर आहे. 'आपलं फुटूच शकत नाही' ही खात्री वरपर्यंत होती. अटलांटिकमध्ये, आफ्रिकेत, पुन्हा पुन्हा शंका येण्यासारखं घडलं. दरवेळी चौकशी झाली आणि दरवेळी फितुरी, रडार किंवा योगायोग यांच्यावर बोट ठेवलं गेलं.

आफ्रिकेचा विषय निघालाच आहे तर एका तुकडीबद्दल सांगतो. या सगळ्या इतिहासातली ही माझी सर्वांत आवडती तुकडी.

उत्तर आफ्रिकेतल्या जर्मन फौजेचा सेनापती रोमेल याच्याकडे कॅप्टन आल्फ्रेड झेबोम याच्या हाताखाली एक ऐकणारी कंपनी होती. एप्रिल १९४२पासून तिला ६२१ क्रमांक होता. वाळवंटात आघाडीच्या अगदी जवळ गाड्या उभ्या करून ही माणसं ब्रिटिशांचे रेडिओ ऐकत. दिशा शोधणाऱ्या अँटेनांनी कोण कुठून बोलतोय ते काढत, आवाजाची ढब आणि ऑपरेटरची मोर्स ठोकायची सवय ओळखून कुठली ब्रिगेड कुठे सरकली ते नकाशावर मांडत. ब्रिटिश रणगाडा अधिकारी हवेत मोकळेपणी बोलत, टोपणनावं वापरत, आणि झेबोमच्या लोकांना ती टोपणनावं पाठ झाली होती. लढाई चालू असतानाच माहिती रोमेलच्या हातात पडे. त्याच्या 'सहाव्या इंद्रियाचं' कौतुक होतं, त्यातला मोठा भाग या कंपनीचा होता.

रोमेलला दुसराही एक कान होता. कैरोतल्या अमेरिकन लष्करी प्रतिनिधीचे, कर्नल बॉनर फेलर्सचे, वॉशिंग्टनला जाणारे अहवाल. त्याची सांकेतिक लिपी इटालियनांनी १९४१मध्ये रोमच्या अमेरिकन वकिलातीतून चोरली होती आणि जर्मनही ती वाचत. ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीची ताकद, रसद, पुढचे बेत, सगळं त्यात असे. जून १९४२च्या अखेरीस ती लिपी बदलली आणि तो कान बंद झाला.

मग १० जुलैची पहाट. अल अलामेनच्या पश्चिमेला समुद्रकाठी तेल अल ईसा इथे ऑस्ट्रेलियनांच्या नवव्या डिव्हिजनने अचानक हल्ला चढवला. समोरची इटालियन साब्राता डिव्हिजन कोसळली. झेबोमची कंपनी आघाडीला इतकी चिकटून होती की थेट हल्ल्याच्या वाटेतच सापडली. ती लढली, पण टिकली नाही. झेबोम जखमी होऊन पकडला गेला आणि त्या जखमांनीच गेला. कंपनीचे कागद, सांकेतिक पुस्तकं, नोंदवह्या सगळं ब्रिटिशांच्या हाती लागलं.

ते कागद वाचून ब्रिटिशांना घाम फुटला असणार. आपण हवेत किती बडबडतो हे शत्रूच्याच नोंदीतून समोर आलं. त्यांनी रेडिओची शिस्त आवळली. रोमेलला नवी कंपनी मिळाली, पण अनुभवी कान परत आले नाहीत. तीन महिन्यांनी अलामेनची मोठी लढाई झाली तेव्हा ब्रिटिश कुठून येणार हे त्याला आधीसारखं कळलं नाही.

आता बघा. ही कंपनी रोज डोळ्यांसमोर बघत होती की शिस्तीत नसलेला रेडिओ शत्रूला काय काय देतो. मग तीच शंका त्यांच्या वरिष्ठांना स्वतःच्या रेडिओबद्दल का आली नाही? दुर्लक्ष म्हणालो ते या अर्थाने.

---

अबोली७

सगळा धागा एका बैठकीत वाचला. तारमास्तर, तुमची आणि महूकर काकांची लिहिण्याची हातोटी छान आहे.

पण एक गोष्ट बोलावीशी वाटते. या जाळ्यातून लढाईचे हुकूम गेले तसेच कत्तलीचेही गेले. १९४१च्या उन्हाळ्यात पूर्व आघाडीच्या मागे जर्मन पोलिस पलटणींनी ज्यू लोकांना गोळ्या घातल्याचे आकडे बिनतारी संदेशांतून वर पाठवले जात होते आणि ब्रिटिश ते वाचत होते. जानेवारी १९४३चा एक संदेश तर छळछावण्यांत आणलेल्या माणसांच्या हिशेबाचाच आहे. ब्रिटिशांनी टिपलेला तो कागद २०००मध्ये अभ्यासकांच्या नजरेस आला. ही जाळी पोलिस आणि एसएस या नाझी पक्षाच्या सशस्त्र संघटनेची, लष्कराची नव्हे, हे मला माहीत आहे. पण लष्कराच्या संदेशवहनाचा प्रमुख सगळ्यात जास्त जाणणाऱ्यांपैकी एक होता. फेलगीबेलकडे बघताना हे विसरून चालेल का?

आणि या शाखेत बायकाही होत्या ना? त्यांच्याबद्दल कुठेच उल्लेख येत नाही.

---

तारमास्तर

अबोली ताई, विसरून चालणार नाही. म्हणूनच २० जुलैचा भाग घाईत लिहायचा नव्हता. आता लिहितो.

आधी बायकांबद्दल. पुरुष आघाडीवर पाठवता यावेत म्हणून टेलिफोन बोर्ड आणि टेलिप्रिंटरवर हजारो तरुणी बसवल्या गेल्या. लष्कराच्या मदतनीस म्हणून त्यांची नोंद असे, प्रशिक्षण गीसेनच्या शाळेत. बाहीवर विजेचं चिन्ह, त्यावरून लोक त्यांना 'ब्लिट्झमेडेल' म्हणत. पॅरिसपासून पूर्व आघाडीपर्यंत त्या होत्या. २० जुलैच्या रात्री बर्लिनमध्ये कटवाल्यांचे हुकूम टाइप करून पाठवणाऱ्यांतही त्या होत्या.

कटाची योजना अशी : रास्टेनबुर्गजवळच्या 'वुल्फ्सशान्त्स' या हिटलरच्या मुख्यालयात बॉम्ब फुटला की फेलगीबेलने तिथलं संदेशवहन तोडायचं, तोवर बर्लिनमधल्यांनी सत्ता हाती घ्यायची. दुपारी १२.४२ला बॉम्ब फुटला. फेलगीबेल बाहेर उभा होता. थोड्या वेळाने त्याला समोरून चालत येणारा हिटलर दिसला. कपडे फाटलेले, पण जिवंत.

या क्षणी तो गप्प बसू शकला असता. त्याने बर्लिनला आपला चीफ ऑफ स्टाफ फ्रित्झ टीले याला फोन करून कळवलं की भयंकर घडलंय, फ्यूरर जिवंत आहे. आणि तरीही ठरल्याप्रमाणे लाइनी बंद करायला लावल्या. मला तो धीर फार मोठा वाटतो. त्याला कळत होतं की आता प्रत्येक मिनिट त्याच्याच विरुद्ध पुरावा होणार आहे.

पण पूर्ण शांतता त्याच्याही हातात नव्हती. लष्कराच्या लाइनी वेगळ्या, एसएसच्या वेगळ्या, टपालखात्याच्या वेगळ्या. अडवणूक काही तास टिकली आणि सुटली. इकडे बर्लिनच्या बेंडलर इमारतीतून, म्हणजे लष्कराच्या मुख्यालयातून, निघणारे कटवाल्यांचे हुकूम अतिगुप्त म्हणून गुंतवून पाठवायचे होते. ती सोय मोजक्याच टेलिप्रिंटरवर. एकेक हुकूम तासन्‌तास रांगेत. वर नेहमीच्या यादीप्रमाणे त्यांच्या प्रती वुल्फ्सशान्त्सलाही पोचल्या, आणि तिथून उलटे हुकूम सुटले. प्रचारमंत्री गोबेल्सच्या घरचा फोन कुणी तोडलाच नाही. संध्याकाळी बर्लिनच्या पहारा-बटालियनचा मेजर रेमर त्याला अटक करायला गेला तेव्हा गोबेल्सने थेट हिटलरला फोन जोडून दिला. तो आवाज ऐकून रेमरने बाजू बदलली आणि कट तिथेच संपला.

फेलगीबेलला त्याच रात्री पकडलं. आठवडेच्या आठवडे छळ झाला, पण इतरांना पळायला वेळ मिळावा म्हणून तो तग धरून राहिला असं त्याच्याबद्दल सांगतात. १० ऑगस्टला फाशीची शिक्षा सुनावली गेली, ४ सप्टेंबर १९४४ला प्लोट्झेनझेच्या तुरुंगात ती अमलात आली. टीलेलाही त्याच दिवशी. फेलगीबेलची जागा टीलेनंतर आल्बर्ट प्राऊनला मिळाली. हा गुडेरिअनच्या रणगाड्यांचा जुना सिग्नल प्रमुख.

अबोली ताई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं : हा माणूस अकरा वर्षं त्या राजवटीचं यंत्र चालवत होता आणि शेवटी त्याच यंत्राने ती राजवट पाडायला निघाला. दोन्ही खरं आहे. एक खोडून दुसरं सांगितलं तर तो इतिहास राहणार नाही.

---

इसारकाठी

मी म्युनिकला राहतो. आमच्याकडून एस-बान ६ ही लोकल पकडली की श्टार्नबेर्गच्या तळ्याकाठी श्टार्नबेर्ग, पोसेनहोफेन, फेल्डाफिंग अशी स्टेशनं येतात. याच पट्ट्यात आजच्या जर्मन लष्कराची सिग्नल शाळा आहे. प्योकिंगच्या छावणीचं नाव जनरल फेलगीबेल छावणी. म्हणजे तिथे शिकायला येणारा सिग्नलचा प्रत्येक सैनिक या नावाच्या फाटकातून आत जातो.

फेल्डाफिंगच्या जुन्या छावणीची गोष्ट अबोली ताईंना मुद्दाम सांगावीशी वाटते. नाझी काळात तिथे पक्षाची निवासी शाळा होती. मे १९४५मध्ये अमेरिकनांनी तिथेच छळछावण्यांतून वाचलेल्या ज्यू लोकांसाठी निर्वासित छावणी उघडली. तिथे शाळा चालल्या, लग्नं लागली, मुलं जन्मली. ती १९५३पर्यंत चालली. त्यानंतर त्या दशकाच्या अखेरीस नव्या बुंडेसवेहरची (युद्धानंतरच्या जर्मन सैन्याची) सिग्नल शाळा त्या जागी आली. आता सगळा कारभार हळूहळू प्योकिंगला गेला आहे.

१९५५नंतरचं थोडं मीच लिहितो. शीतयुद्धात प्रत्येक डिव्हिजनला सिग्नल बटालियन असे, आणि त्या बटालियनांमध्ये सक्तीच्या भरतीतली गावोगावची पोरं असत. टेकड्यांवर मायक्रोवेव्हचे मनोरे उभारून कोर मुख्यालयांचं जाळं विणायचं, पूर्वेकडून हल्ला आला तर मुख्यालय दर थोड्या तासांनी हलणार हे धरून सगळं गाड्यांवर ठेवायचं. कॉलरवरची पट्टी तेव्हाही लिंबू-पिवळी, आजही तीच. तो रंग जुन्या सैन्यातून चालत आला आहे.

१९९०मध्ये जर्मनी एक झाली. शत्रू नाहीसा झाला आणि फौज परदेशी जायला लागली : १९९३मध्ये सोमालिया, १९९९मध्ये कोसोव्हो, २००२पासून काबूल. टेकडीवरच्या मनोऱ्यांनी आता काम भागेना. २००९ आणि २०१०मध्ये लष्कराने स्वतःचे दोन उपग्रह दक्षिण अमेरिकेतल्या कुरू तळावरून सोडले. २०००नंतर बहुतेक सिग्नल पलटणी लष्करातून काढून तिन्ही दलांना सेवा देणाऱ्या वेगळ्या विभागात टाकल्या, त्यांचं नाव 'फ्यूरुंग्सउंटरश्ट्युट्झुंग' बटालियन, म्हणजे कमांडला साहाय्य करणाऱ्या. २०१७मध्ये सायबर दल निघालं तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि आता आयटी बटालियन म्हणवतात. सहा आहेत : गेरोलश्टाइन, कास्टेलाउन, डिलिंगेन, मुर्नाऊ, श्टोर्को आणि एरफुर्ट. शेवटची दोन जुन्या पूर्व जर्मनीतली. २०२४मध्ये सायबर दलाला लष्कर, हवाईदल, नौदलाच्या बरोबरीचा दर्जा द्यायचं ठरलं.

---

काळाकातळ

म्हणजे १८९९मध्ये इंजिनिअरांपासून वेगळी झालेली शाखा शेवटी लष्करापासूनच वेगळी झाली. हे योग्य झालं का?

---

महूकर

काळाकातळ, माझ्या मते पूर्ण योग्य नाही. सिग्नलवाला ज्या ब्रिगेडसाठी काम करतो तिच्याबरोबर तो झोपला, जेवला, भिजला पाहिजे. कमांडर कसा बोलतो, केव्हा चिडतो, कुठल्या हुकुमानंतर काय मागणार हे त्याला कळलं पाहिजे. केंद्रातून सेवा पुरवली तर यंत्र चांगलं मिळेल, ओळख मिळणार नाही. अफगाणिस्तानसारख्या कायम तळावर ते चालून जातं. युक्रेनसारख्या लढाईत, जिथे मुख्यालयाने अँटेना उघडली की थोड्याच वेळात तोफगोळा येतो, तिथे नाही.

---

इसारकाठी

महूकर काका, इथेही आता तोच विचार वर येतोय. लष्कर आपल्या डिव्हिजनसाठी स्वतःच्या सिग्नल तुकड्या पुन्हा मजबूत करत आहे. अडचण यंत्रांची आहे. गाड्यांमधले सेम ८० आणि ९० हे रेडिओ १९८०च्या दशकातले. नव्या डिजिटल रेडिओंचा मोठा करार डिसेंबर २०२२मध्ये झाला. मग २०२३मध्ये उघड झालं की ते हजारो जुन्या गाड्यांमध्ये बसवायचे कसे, वीज आणि जागा कुठून आणायची, याची तयारी वेळेत झालेली नव्हती. गुडेरिअनच्या देशात रणगाड्यातल्या रेडिओवरून संसदेत वाद व्हावा हे इथल्या लोकांना फार लागलं.

आणि तारमास्तरांच्या दुसऱ्या धड्याचं ताजं उदाहरण : फेब्रुवारी २०२४. हवाईदलाचे वरिष्ठ अधिकारी टॉरस क्षेपणास्त्रांबद्दल वेबेक्सवर बोलत होते. त्यातला एक जण सिंगापूरच्या हॉटेलातून जोडला गेला होता. ते सगळं संभाषण १ मार्चला रशियन माध्यमांत आलं. संरक्षणमंत्र्यांनी सांगितलं की ही एका माणसाची वापरातली चूक होती.

---

गणितवेडा

इसारकाठी, अथेन्सच्या ऑपरेटरबद्दलही हेच म्हणता आलं असतं. महूकर काकांचा मुद्दा मला आता पटतोय : एका माणसाच्या चुकीने सगळं फुटत असेल तर दोष पद्धतीचा.

---

अबोली७

झेपेलिन बंकर आता बघता येतो का? पुढच्या वर्षी बर्लिनला जायचा बेत आहे.

---

तारमास्तर

अबोली ताई, येतो. १९४५नंतर व्युन्सडोर्फ सोव्हिएत फौजेचं जर्मनीतलं मुख्यालय झालं आणि त्यांनी झेपेलिन दुरुस्त करून स्वतःसाठी वापरलं. १९९४मध्ये ते गेले. आता गावात जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत आणि तिथूनच बंकरच्या वाटाड्यासह फेऱ्या निघतात. बर्लिनहून रिजनल ट्रेनने व्युन्सडोर्फ-वाल्डश्टाट स्टेशनला उतरायचं. अंगात जाकीट ठेवा, खाली उन्हाळ्यातही गारठा असतो. फेऱ्या बहुतेक जर्मनमध्ये असतात, तेव्हा इंग्रजी फेरी हवी असेल तर आधी विचारून ठेवा. वेळ असेल तर बर्लिनमध्ये बेंडलर इमारत जरूर बघा. तिथे आता प्रतिकार चळवळीचं स्मारक आहे आणि प्रवेश मोफत आहे.

पहिल्या महायुद्धातल्या कूटलिपींबद्दल व्यनितून विचारणा आल्या आहेत. मार्च १९१८मध्ये जर्मनांनी फक्त ए, डी, एफ, जी, एक्स या पाच अक्षरांची लिपी आणली, कारण मोर्समध्ये ही अक्षरं एकमेकांत गल्लत होणार नाही इतकी वेगळी ऐकू येतात. जूनमध्ये व्ही जोडला. फ्रेंच लष्करातल्या पँव्हँ या भूशास्त्रज्ञाने ती ऐन लढाईच्या धामधुमीत फोडली. त्यावर वेगळा धागा काढतो. गणितवेडा, त्यातली अक्षरांची उलथापालथ समजावून सांगायची जबाबदारी तुमची.